पिंजऱ्यातला धातू : आत की बाहेर?

न्यायशास्त्रातला अनैकांतिक हेतू आपल्याला परिचयाचा आहे. जो हेतू साध्य असेल तिथंही सापडतो आणि नसेल तिथंही सापडतो, त्यावरून अनुमान उभं राहत नाही. आज आपण हा दोष अलीकडच्या विज्ञानातल्या एका वादात पाहू. वाद एवढाच होता, की धातूचा एक अणू कार्बनच्या पिंजऱ्यात आहे की त्याला बाहेरून चिकटलाय? निकाल लागायला दहा वर्षं गेली.

सप्टेंबर १९८५. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हॅरॉल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल, रिचर्ड स्मॉली आणि त्यांचे विद्यार्थी ग्रॅफाइटवर लेसर मारत होते. होणारी वाफ हेलियमच्या झोतात थंड करायची आणि तयार झालेले कार्बनचे पुंजके मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचे, असं काम चाललं होतं. हे यंत्र म्हणजे रेणूंचा तराजू. रेणूंना विद्युतभार द्यायचा, सगळ्यांना सारखा धक्का द्यायचा, आणि ठरलेलं अंतर कापायला कोणाला किती वेळ लागतो ते पाहायचं. हलका आधी पोचतो, जड मागाहून. त्या आलेखात ७२० पाशी एक शिखर बाकीच्यांच्या वर उठलं. कार्बनच्या अणूचं वजन १२, म्हणजे हे ६० अणू झाले. ते फुटबॉलसारखे पोकळ गोलात जोडलेले असावेत, असा तर्क त्यांनी मांडला.

पोकळ म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच : आत काही मावेल का? लँथनम हा विरल मृत्तिका गटातला धातू, ज्यांना आज वर्तमानपत्रं ‘रेअर अर्थ’ म्हणतात. त्याचं अणुवजन १३९. लँथनमचा क्षार मुरवलेल्या ग्रॅफाइटवर लेसर मारला, तेव्हा ८५९ ला शिखर आलं. ७२० अधिक १३९. धातू आत गेला, असं राइसच्या मंडळींनी त्याच वर्षी मांडलं.

आता आपण जरा थांबू. डब्यात लाडू ठेवला काय किंवा झाकणावर ठेवला काय, तराजूवर वजन तेच भरतं. मग ८५९ वरून ‘आत’ हे कसं कळलं? नेमकी हीच शंका एक्झॉन कंपनीच्या संशोधकांनी काढली. ६० अणूंचं ते शिखर त्यांच्या आलेखात १९८४ सालीच दिसलं होतं, म्हणजे शंका घेणारे जाणकार होते. १९८६ च्या निबंधाला त्यांनी शीर्षकच असं दिलं, की हा हवा गेलेला फुटबॉल तर नाही?

राइसचं १९८८ सालचं उत्तर आम्हाला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं. यंत्र वजनाचंच, पण प्रश्न बदलला. भारित रेणू चुंबकीय क्षेत्रात कोंडून त्यांच्यावर पुन्हा पुन्हा लेसर मारला. धातू बाहेर असता तर आधी तोच निसटला असता. तसं झालं नाही. पिंजराच दोन-दोन कार्बन गमावत आकसत गेला. रिकामा पिंजरा ३२ अणूंपर्यंत आकसून मग फुटला. आत पोटॅशियम असता तो ४४ वर अडला, आणि त्याहून मोठा सीझियम असता ४८ वर. आतला पाहुणा जेवढा मोठा, तेवढी आकसण्याची मर्यादा लवकर येते. बाहेर चिकटलेल्या अणूनं हे घडण्याचं कारण नाही. हेतूतला व्यभिचार असा दूर झाला.

पुढे १९९१ मध्ये असे रेणू टोल्यूनमध्ये विरघळवून काढता आले. त्यात ८२ कार्बनांच्या पिंजऱ्यातलं लँथनम टिकाऊ ठरलं. ‘आत’ दाखवायला ई-मेलच्या पत्त्यातलं ‘ॲट’ चिन्ह वापरायची प्रथाही तेव्हाचीच. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी क्ष-किरणांनी ८२ कार्बनांच्या पिंजऱ्यातला यिट्रियमचा अणू दाखवला. तो आतच होता, पण मध्यभागी नव्हता, भिंतीजवळ सरकलेला होता.

इथं वाद मिटला, असं आपण म्हणू. पण आणखी एक उदाहरण पाहा. स्कँडियमचे तीन अणू आणि कार्बनचे ८२, एकूण वजन १११९, असा एक रेणू होता. ८२ चा पिंजरा आणि आत तीन धातू, हे त्याचं वर्णन बरीच वर्षं चाललं. २००५ मध्ये जपानमध्येच कळलं, की पिंजरा ८० चाच आहे. उरलेले दोन कार्बन स्कँडियमबरोबर आत बसलेत! वजन तेव्हाही १११९ आणि नंतरही १११९.

तराजू यात एकदाही चुकला नाही. किती, एवढंच तो सांगत होता. कुठे आणि कसं, हे माणसं त्यात भरत होती. काही वेळा ते बरोबर निघालं, काही वेळा नाही. म्हणून ‘यंत्रानं दाखवलं’ असं कुणी म्हणालं, की आपण एवढंच विचारावं : यंत्रानं नेमकं काय मोजलं, आणि तोच आकडा दुसऱ्या कशानं आला असता का? एक्झॉनच्या लोकांनी हे विचारलं नसतं, तर १९८८ चा तो सुंदर प्रयोग कदाचित झालाच नसता.

असो. आता आपले प्रश्न घेऊ.