लेगो ठोकळ्यांच्या स्वनिर्मित रचना : उपयुक्त अभिप्राय कसा असावा

संचासोबत आलेल्या सूचनापुस्तिकेचा आधार न घेता, जोडठोकळ्यांपासून स्वतःच्या कल्पनेने उभारलेल्या रचनेला हौशी रचनाकारांच्या जगात 'मॉक' असे म्हटले जाते. 'माझी स्वतःची निर्मिती' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले आहे. अशा एका रचनेमागे अनेकदा काही महिन्यांचे श्रम असतात. ती इतरांपुढे मांडली जाते तेव्हा 'छान', 'सुरेख' असा शेरा तरी मिळतो किंवा चुकांची यादी तरी हाती पडते. या दोहोंचा रचनाकाराला फारसा उपयोग होत नाही. उपयुक्त अभिप्राय आधी रचनेचा हेतू समजून घेतो, मग रचनेतील नेमकी जागा दाखवतो आणि दोष व वैयक्तिक आवड यांची गल्लत करीत नाही.

माध्यमाची मोजमापे

डेन्मार्कमधील बिलुंड येथे ओले किर्क क्रिस्तियानसेन यांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातून लेगो कंपनी उभी राहिली. वरच्या बाजूस उंचवटे आणि आत पोकळ नळ्या असलेल्या सध्याच्या ठोकळ्यासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटचा अर्ज करण्यात आला. या उंचवट्यांना स्टड म्हणतात. दोन स्टडांच्या केंद्रांतील अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि प्लेट या चपट्या भागाची जाडी ३.२ मिलिमीटर असते. म्हणजेच तीन प्लेटा एका ठोकळ्याएवढ्या, तर पाच प्लेटांची जाडी दोन स्टडांच्या रुंदीएवढी होते. ठोकळे आडवे वळवून बसवण्याच्या तंत्राचा पाया हेच गणित आहे.

आठ स्टडांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले आहे. अवघ्या सहा ठोकळ्यांना इतके पर्याय असतील, तर हजारो भागांच्या रचनेत 'हे असेच करायला हवे होते' असा निर्वाळा देण्यास क्वचितच आधार उरतो.

आधी हेतू, मग मत

अभिप्रायापूर्वी काही प्रश्न विचारणे हिताचे ठरते. रचना एखाद्या खऱ्या वास्तूची आहे की काल्पनिक? ती मांडून ठेवण्यासाठी आहे की हाताळण्यासाठी? ती पूर्ण झाली आहे की अजून बदलाला वाव आहे? रेल्वेचा लांब डबा याचे चांगले उदाहरण आहे. लेगोच्या नेहमीच्या वळणदार रुळाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२ सेंटीमीटर असते. इतक्या तीव्र वळणावर प्रमाणबद्ध लांब डबा बाहेर झुकतो. गाडी धावण्यासाठी असेल तर हा दोष आहे. केवळ प्रदर्शनासाठी असेल तर तीच लांबी गुण ठरते.

प्रमाणाचा विचारही असाच महत्त्वाचा आहे. कंपनीने ताजमहालाचा ५,९२२ भागांचा संच २००८ मध्ये आणला आणि २०२१ मध्ये त्याच वास्तूचा २,०२२ भागांचा लहान संच काढला. मोठ्या संचात ज्या बारकाव्यांना जागा मिळते, ते लहान संचात सूचकतेने दाखवावे लागतात. म्हणून छोट्या रचनेत 'तपशील कमी आहेत' असे म्हणण्यापेक्षा वास्तू पाहताक्षणी ओळखू येते का, घुमट आणि मिनार यांचे परस्परप्रमाण साधले आहे का, हे पाहणे अधिक योग्य.

मजबुती आणि 'अमान्य' जोडण्या

मजबुतीविषयीचा अभिप्राय सर्वांत वस्तुनिष्ठ असू शकतो. भिंतीतील उभे सांधे एकाखाली एक आले तर भिंत तेथूनच फाकते. गवंडी विटा रचताना सांधे चुकवतो, तोच नियम येथे लागू पडतो. मोठ्या रचनेचा तळ एकसंध आहे का, ती उचलून नेता येते का, हे प्रश्नही याच वर्गातले.

ज्या जोडणीत भागांवर अयोग्य ताण येतो, तिला हौशी रचनाकार 'अमान्य' म्हणतात. लेगोचे रचनाकार जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील 'ब्रिकफेस्ट' मेळाव्यात या विषयावर सादरीकरण केले होते. दोन स्टडांमध्ये प्लेट उभी खोचणे हे अशा जोडणीचे प्रसिद्ध उदाहरण होय. कागदावर स्टडांमधील फट आणि प्लेटची जाडी दोन्ही ३.२ मिलिमीटर भरतात. प्रत्यक्षात मात्र प्लेट दाबून बसवावी लागते आणि ताण कायम राहतो. कंपनीचे हे निकष विक्रीच्या संचांसाठी आहेत. हौशी रचनाकार ते पाळण्यास बांधील नाही. अभिप्राय देणाऱ्याने 'ही जोडणी चालत नाही' असे न म्हणता 'या जोडणीने भागाला कालांतराने तडा जाऊ शकतो' असे परिणामासह सांगावे.

दोष की आवड?

काहींना स्टड दिसणारा पृष्ठभाग भावतो, तर काहींना ते पूर्ण झाकलेला गुळगुळीत पृष्ठभाग. हा आवडीचा प्रश्न आहे आणि अभिप्रायातही तो तसाच मांडला जावा. याउलट, एकाच भिंतीत नकळत मिसळलेल्या करड्या रंगाच्या दोन छटा दाखवून देणे रचनाकाराच्या उपयोगी पडते. त्या हेतुपुरस्सर वापरल्या असतील, तर रचनाकार तसे सांगेल.

एखादा भाग मूळ उपयोगाहून वेगळ्या ठिकाणी चपखल बसवणे, हे या छंदातील कौतुकाचे मोठे कारण असते. कंपनीच्या २०२१ च्या बोन्साय संचात झाडावरील फुलांसाठी गुलाबी बेडूक वापरले आहेत. असे कौशल्य आढळल्यास कोणता भाग, कोठे आणि का शोभला, हे नेमके लिहावे. स्तुतीलाही तपशिलाची तितकीच गरज असते.

नेमकेपणा कसा येतो?

'छत जमले नाही' या वाक्यातून रचनाकाराच्या हाती काही लागत नाही. 'छताचा उतार भिंतीला मिळतो तेथे फट दिसते. शेवटची ओळ एक प्लेट खाली घेतल्यास ती झाकेल का?' या वाक्यात जागा, अडचण आणि उपाय तिन्ही आहेत, शिवाय निर्णय रचनाकाराकडेच राहतो. सुचवलेला बदल वरच्या थरापुरता आहे की त्यासाठी पायापर्यंत मोडावे लागेल, याचेही भान हवे. छायाचित्रातील अंधूक प्रकाश किंवा गजबजलेली पार्श्वभूमी हा छायाचित्रणाचा दोष असतो; तो रचनेच्या माथी मारू नये.

भारतात आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. विशिष्ट रंगाचा सुटा भाग अनेकदा परदेशी विक्रेत्याकडून मागवावा लागतो आणि त्यावर टपालखर्च व सीमाशुल्काचा भार पडतो. त्यामुळे 'हा भाग दुसऱ्या रंगात घ्या' ही सहज केलेली सूचना महागात पडू शकते. घरी असलेल्या भागांतून साधेल असा पर्याय सुचवणे अधिक उपकारक. संगणकावरील रचनांबाबत तो भाग त्या रंगात खरोखर उपलब्ध आहे का आणि रचना स्वतःच्या वजनाने कोसळणार नाही ना, हे आवर्जून विचारावे.

मुलांच्या रचना

मुलांच्या बाबतीत प्रौढांचा पहिला मोह हात घालून दुरुस्ती करण्याचा असतो. तो टाळावा. 'हे काय आहे?' यापेक्षा 'याच्याविषयी सांग' असे म्हटल्यास मूल मोकळे होते. पूल कोसळत असेल तर खांब कोठे हवा, हे त्यालाच करून पाहू द्यावे. ठोकळे पुन्हा सुटे होतात, म्हणून चूक येथे फार महाग पडत नाही.

निवड, नकार आणि श्रेय

'लेगो आयडियाज' या कंपनीच्या उपक्रमाची सुरुवात २००८ मध्ये जपानमध्ये झाली. २०११ मध्ये तो जगभर खुला झाला. रचनेला १०,००० समर्थक मिळाले की कंपनी तिचे परीक्षण करते आणि निवड झाल्यास रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या १ टक्का मानधन मिळते. मात्र १०,००० चा टप्पा गाठलेल्या बहुतेक रचनाही अखेर बाद होतात. समर्थकांच्या संख्येवरून रचना आवडली हे कळते, पण कोणता सांधा कच्चा आहे हे कळत नाही. ते सांगण्याचे काम सहकारी हौशी रचनाकारच करू शकतात.

एखाद्या तंत्राचा मूळ कर्ता ठाऊक असल्यास त्याचे नाव सुचवणे हाही अभिप्रायाचाच भाग होय. त्यामागे चोरीचा आरोप नसावा, कारण दोन व्यक्तींना स्वतंत्रपणे तीच जोडणी सुचू शकते. सूचना मिळाल्यावर रचनाकाराने तंत्राच्या मूळ कर्त्याचा उल्लेख करावा आणि इतर सूचनांपैकी आपल्या हेतूला पूरक असतील तेवढ्याच स्वीकाराव्यात, हे दोघांच्याही हिताचे असते.