उन्हात मुका होणारा रिसीव्हर

चेन्नईचे जॉर्ज टाउन बंदराला खेटून आहे. तेथे मे महिन्यात पारा ४० अंश गाठतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या जुन्या वॉकीटॉकींची खरी परीक्षा अशाच हवेत होई. जर्मेनियमची ऊर्जाफट ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉनची १.१२, त्यामुळे जर्मेनियममधील गळतीप्रवाह मुळातच कितीतरी मोठा, शिवाय दर १० अंशांमागे जवळपास दुप्पट होणारा. सकाळी खणखणीत असलेला रिसीव्हर दुपारी मुका होई. बोटीची हाक किनाऱ्यावर पोहोचूनही ऐकू येत नसे. १९५४ मध्ये सिलिकॉन ट्रान्झिस्टर आला, तरी तापमानाने सरकणारा क्वार्ट्झ स्फटिक उरलाच: १५० मेगाहर्ट्झवर दशलक्षांत १० भाग म्हणजे १.५ किलोहर्ट्झ. संध्याकाळी संच आपोआप सुधारे, हीच तर दुरुस्तीची पंचाईत! म्हणून कारागीर दोष मुद्दाम जागा करीत. तापलेला सोल्डरिंग आयर्न एकेका भागाजवळ धरायचा, मग स्पिरिटचा बोळा टेकवायचा. ज्याला गारवा लागताच आवाज परते, तो भाग बदलायचा.