स्ट्रॉबेरीच्या लेकी

चिलीच्या किनाऱ्यावरून निघालेलं एक जहाज सहा महिन्यांनी, ऑगस्ट 1714 मध्ये, फ्रान्समधल्या मार्सेल बंदराला लागलं. वाटेत गोड्या पाण्याचा तुटवडा होता. माणसांनाच मोजून पाणी मिळत होतं, तिथे रोपांना कोण विचारतो? तरी आमेदे-फ्राँस्वा फ्रेझिए नावाच्या लष्करी इंजिनिअरने स्ट्रॉबेरीची पाच रोपं जिवंत ठेवली होती. चौदाव्या लुईने त्याला 1712 साली धाडलं होतं ते दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश किल्ल्यांचे नकाशे काढायला. नकाशे त्याने आणलेच, पण आज त्याचं नाव निघतं ते या रोपांमुळे. गंमत अशी, की त्याच्या आडनावाचं नातंही स्ट्रॉबेरीच्या फ्रेंच नावाशी, ‘फ्रेझ’शी, लावलं जातं.

चिलीतले मापुचे लोक ही स्ट्रॉबेरी कितीतरी पिढ्या लावत आले होते. युरोपातल्या बोराएवढ्या रानस्ट्रॉबेरीपुढे हे अक्रोडाएवढं फळ म्हणजे नवलच. पाचांपैकी दोन रोपं पाण्याची सोय करून देणाऱ्या जहाजावरच्या अधिकाऱ्याला गेली, एक पॅरिसच्या राजोद्यानात, एक वरिष्ठांच्या हाती. एक फ्रेझिएने स्वतःकडे ठेवलं. रोपं जगली, फोफावली, चारी बाजूंना पसरली. फळ मात्र धरेना.

कारण स्ट्रॉबेरीच्या पसरण्यातच होतं. रोपाच्या बुडख्यातून सुतळीएवढा बारीक, लालसर दोर निघतो आणि जमिनीलगत सरपटत जातो. पाठ्यपुस्तकात याला धावतं खोड म्हणतात, शेतकरी सरळ ‘रनर’ म्हणतो. त्याचं पहिलं पेर बहुधा रिकामं जातं. दुसऱ्या पेराशी पानांचा झुबका उगवतो, खाली पांढरी मुळं मातीत शिरतात आणि नवं रोप उभं राहतं. तिथून दोर पुढे धावतो. ही लेक म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. बीजातून येणारी सरमिसळ इथे नाही. चिलीच्या स्ट्रॉबेरीत नर आणि मादी रोपं वेगवेगळी असतात. फ्रेझिएने भरघोस फळं धरलेली रोपं निवडली, म्हणजे नकळत माद्याच उचलल्या. त्यांच्या लेकीही माद्या, नातीही माद्या. अख्ख्या वाफ्यात परागाचा कण नाही!

कोडं सुटलं ते फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतात. तिथल्या बागवानांना अनुभवाने कळलं, की या रोपांशेजारी दुसऱ्या जातीची स्ट्रॉबेरी लावली की फळ धरतं. पुढे आंत्वान निकोला द्युशेन या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने मस्क स्ट्रॉबेरीचे पराग चिलीच्या फुलांवर टाकून फळं आणली आणि 1764 साली त्यांची कुंडी पंधराव्या लुईपुढे ठेवली. 1766 च्या ग्रंथात त्याने आणखी एक गोष्ट ओळखली: बागांमधून आपोआप दिसू लागलेली अननसाच्या वासाची स्ट्रॉबेरी हा चिलीची जात आणि उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनियाची जात यांचा संकर आहे. आज बाजारात मिळणारी स्ट्रॉबेरी ती हीच.

रनर आईचे गुण देतो, तसा आईचा रोगही देतो. इंग्लंडमध्ये लॅक्स्टन या रोपपैदासकारांनी 1892 साली आणलेली ‘रॉयल सॉव्हरिन’ ही लाडकी जात पुढच्या काही दशकांत खंगत गेली. माव्याने पसरवलेले विषाणू रनरवाटे पिढ्यानपिढ्या उतरत होते. केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने हे विषाणू हुडकले, निरोगी रोपं वेगळी काढून वाढवली. 1950 च्या दशकात रोपांना काही दिवस सुमारे 37 अंश उष्णतेत ठेवून काही विषाणू घालवण्याची युक्तीही साधली. तेव्हापासून मातृरोपाची रोपवाटिका आणि फळाचं शेत वेगळं ठेवायची शिस्त पक्की होत गेली. कॅलिफोर्नियात रोपं उत्तरेच्या थंड उंचावर वाढतात आणि फळं समुद्रकाठच्या शेतांत येतात.

सातारा जिल्ह्यात हे चित्र बरोबर उलटं आहे. फळ घाटावर, रोपं घाटाखाली. महाबळेश्वरचं गिरिस्थान 1828 च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्या काळात वसलं. इथल्या तुरुंगातल्या चिनी आणि मलायी कैद्यांनी भाजीपाल्याचे मळे फुलवले. तो तुरुंग 1864 मध्ये बंद झाला. स्ट्रॉबेरीही साहेबाच्या हौसेपायीच इथे आली. तिचं मोठं पीक झालं ते मात्र गेल्या तीन-चार दशकांत, ‘चँडलर’, ‘स्वीट चार्ली’, ‘कॅमरोसा’ अशा अमेरिकी जातींमुळे. यातली ‘चँडलर’ कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1983 साली बाहेर काढली होती. परदेशी मातृरोपं उन्हाळ्यात येतात. महाबळेश्वरच्या धुवाधार पावसात ती सडतील, म्हणून वाईकडच्या कमी पावसाच्या भागात गादीवाफ्यांवर त्यांचे रनर वाढवले जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या लेकी घाट चढून वर येतात. नाताळाच्या सुमारास पाचगणीच्या रस्त्याकडेला टोपल्या दिसू लागतात. 2010 साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं.

या वेळापत्रकाच्या मुळाशी दिवसाची लांबी आहे. लहान दिवस आणि थंडी असली की या जाती फुलतात. दिवस मोठा झाला, ऊन तापलं की रनर सोडतात. पुण्या-नाशिकच्या गच्चीवरही हेच घडतं. फळं चालू असताना आलेला रनर कात्रीने बुडाशी कापावा, नाहीतर रोपाचं बळ तिकडे जातं. हंगाम सरल्यावर एका रोपाचे दोन-तीनच रनर ठेवावेत. आईला सर्वांत जवळची लेक दणकट असते. माती भरलेली छोटी पिशवी शेजारी ठेवून तिचा बुडखा मातीला टेकवावा आणि केसांच्या आकड्याने दोर अडकवावा. बुडखा पुरला तर रोप सडतं. पुढचा दोर खुडून टाकावा. चार-सहा आठवड्यांनी रोप हलकेच ओढून पाहावं. मुळं धरून राहिली, तरच आईकडचा दोर तोडावा.

मूळ रोपाची पानं आकसलेली, पिवळट, फळं बारीक होत चाललेली असतील, तर त्याचे रनर लावू नयेत. अशा वेळी चांगल्या रोपवाटिकेतून नवं रोप आणलेलं बरं.