वर एक खोली

खाप्यात आमचं जुनं घर आहे. छत म्हणजे लोखंडी गर्डर आणि त्यांच्यावर टेकवलेल्या दगडी फरश्या. मागच्या दिवाळीत बाबांनी वर बघत विचारलं, "तू इंजिनिअर ना रे? सांग, वर एक खोली होईन का?"

माझी डिग्री कम्प्युटरची. मी लिहिलेलं काही कोसळलं तर सर्व्हर पुन्हा चालू करतो, संपलं. पण बाबांना 'माहीत नाही' म्हणवेना. वाचत बसलो.

लोखंडी तुळया काँक्रीटमध्ये गाडायची पद्धत 19व्या शतकातली. काँक्रीट तेव्हा मुख्यतः आगीपासून बचावासाठी. हिशेबात सगळं वजन एकट्या लोखंडावर. 1920 च्या दशकात कॅनडात अशा मजल्यांवर वजन लादून पाहिलं, तर ते हिशेबापेक्षा जास्त पेलत होते. दोन फळ्या एकमेकींवर ठेवून वाकवा, त्या घसरतात. खिळे ठोका, मग एकच जाड फळी असल्यासारख्या वागतात. काँक्रीट दाब सोसतं, पोलाद ताण. पुढे खिळ्यांचं काम तुळईच्या माथ्यावर वेल्ड केलेल्या स्टडांनी केलं. आपल्याकडे अशा बांधकामाचं मानक, आयएस 11384, 1985 साली आलं. 2022 मध्ये ते नव्याने लिहिलं.

आमच्या फरश्या मात्र नुसत्या टेकल्यात. खिळा नाही, स्टड नाही. सगळा भार गर्डरवर.

आणि गणित जमलं तरी सही कुणाची? आर्किटेक्टसाठी देशात 1972 चा कायदा आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. तरी इमारत पडली की पोलीस सही शोधतात. 24 ऑगस्ट 2020 ला महाडची तारिक गार्डन कोसळली, 16 माणसं गेली. गुन्हा बिल्डरबरोबर आर्किटेक्टवर आणि आरसीसी सल्लागारावरही दाखल झाला. आम्ही सॉफ्टवेअरवाले बरे! आमच्या लायसन्समध्ये आधीच लिहिलेलं असतं: जसं आहे तसं घ्या, हमी नाही.

शेवटी नागपूरहून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. फी ऐकून बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्याने गर्डर मोजले, टिचकी मारली आणि म्हणाला, टोकं भिंतीत किती गंजलीत ते बघितल्याशिवाय सही करणार नाही. प्लास्टर फोडावं लागेल.

आईने उठून त्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.