हैदराबादचे नाव असलेले विमान

वाचकहो, प्लॅस्टिकचे तुकडे जोडून विमानाची प्रतिकृती करणे म्हणजे शहरी मुलांचा सुट्टीतला खेळ, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. मलाही तसेच वाटत असे. इतिहासाच्या अध्यापकाने त्यात वेळ का घालवावा, असा प्रश्न आपण विचाराल तर तो वाजवीच आहे. त्याचे उत्तर म्हणून घडलेली हकीकतच सांगतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे दोन विद्यार्थी येत असत. त्यांतल्या एकाला कोणीतरी 'स्पिटफायर' या इंग्रजी लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीची पेटी भेट दिली होती. आम्ही स्वयंपाकघरातल्या मेजावर वर्तमानपत्र पसरले आणि कामाला लागलो. पेटीत रंगांचा आणि खुणांचा एक कागद होता. तो वाचता वाचता पैठण तालुक्यातून आलेला मुलगा थांबला आणि म्हणाला, "सर, इथं १५२ हैदराबाद स्क्वाड्रन लिहिलंय. हे आपलंच हैदराबाद का?"

मी म्हणालो, "हो, आपलंच. निजामाने देणगी दिली होती, म्हणून ते नाव पडलं."

तो लगेच म्हणाला, "मग पैसे कुणाचे होते?"

हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडीना. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, आणि आपला सारा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांचाच होता. त्याकडे येण्याआधी हे प्रतिकृतीचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न त्या कामातूनच निघाला.

अशा प्रतिकृती ठराविक प्रमाणात केलेल्या असतात. सर्वांत रुळलेले प्रमाण १:७२. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, तो प्रतिकृतीत साधारण साडेपंधरा सेंटिमीटर होतो. साडेपाच फुटी वैमानिक उभा केला तर तो जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर भरेल. गणिताच्या गुरुजींना गुणोत्तर शिकवायला याहून चांगले साधन मिळणार नाही.

इंग्लंडमध्ये १९३६ साली या प्रमाणातल्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती प्रथम विक्रीस आल्या. पुढे महायुद्ध पेटले आणि खेळण्याचे शस्त्र झाले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखता आले पाहिजे. त्यासाठी सैनिकांना लहान प्रतिकृती दाखवून शिकवीत. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ च्या जानेवारीत शाळकरी मुलांना लाकडाच्या पाच लाख प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले होते. मुलांनी शाळेच्या कार्यशाळेत कानशी चालवून त्या घडवल्या. युद्ध संपल्यावर त्या पुन्हा खेळण्यांच्या दुकानात आल्या. १९५३ साली एअरफिक्स या इंग्रजी कंपनीने आपली पहिली विमान-प्रतिकृती काढली, तीही स्पिटफायरचीच.

आता प्रत्यक्ष काम. पेटीतले भाग प्लॅस्टिकच्याच एका चौकटीला काडीकाडीने जोडलेले असतात. ते हाताने मोडू नयेत, बारीक कातरीने कापावेत. कापल्या जागी राहिलेला कोंब कानशीने घासावा. चिकटवायचा द्राव आपल्या नेहमीच्या गोंदासारखा नसतो. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. म्हणून थेंब जास्त पडला की काम बिघडलेच समजा. सांधा दिसत असेल तर त्यात लुकण भरायचे, वाळू द्यायचे, ओल्या पॉलिश पेपरने घासायचे. वैमानिकाची बैठक आधी रंगवून आत बसवायची, कारण दोन्ही बाजू एकदा मिटल्या की आत ब्रश जात नाही. घाई करणाऱ्याचे हे काम नाही. आमचे विमान उभे राहायला नऊ दिवस लागले.

पण खरी परीक्षा रंगाच्या वेळी होते. १५२ क्रमांकाची तुकडी ऑक्टोबर १९३९ मध्ये पुन्हा उभी केली गेली आणि १९४० च्या जुलैत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वॉर्मवेल येथे आली. त्या उन्हाळ्यात जर्मन विमाने रोज येत होती आणि ही तुकडी त्यांना तोंड देत होती. विमानाच्या वरच्या अंगाला तपकिरी आणि हिरवे पट्टे, म्हणजे वरून पाहणाऱ्याला ते जमिनीत मिसळून जावे. बाजूवर 'यू' आणि 'एम' ही तुकडीची अक्षरे. आम्ही खालचे अंग अर्धे काळे, अर्धे पांढरे रंगवले, कारण तसे चित्र मी एका पुस्तकात पाहिले होते. दोन दिवसांनी दुसऱ्या विद्यार्थ्याने माझी चूक दाखवली. ती पद्धत १९४० च्या जूनपर्यंतची. त्यानंतर खालचे अंग फिकट आकाशी-हिरवट रंगाचे झाले. आमचे विमान सप्टेंबरातले. विद्यार्थी हसले, मी रंग खरवडला.

त्या चुकीतून मी एक गोष्ट शिकलो. चित्र खरे होते, पण त्याची तारीख मी विचारली नव्हती. आपण शिक्षक मंडळीही वर्गात अनेकदा असेच करतो.

आणखी एक बारकावा सांगतो. या विमानाच्या पंखांत आठ मशीनगनी असत. त्यांच्या तोंडांवर लाल कापडाच्या पट्ट्या चिकटवीत, म्हणजे आत गारठा आणि धूळ शिरू नये. पहिली गोळी सुटली की पट्टी फाटे. विमान तळावर परत आले की पट्ट्या पाहूनच खालच्या माणसांना कळे, याची गाठ शत्रूशी पडली होती की नाही. प्रतिकृतीवर पट्टी सबंध दाखवायची की फाटलेली, हे ठरवावे लागते. आणि ते ठरवताना त्या विमानात बसलेल्या विशी-बाविशीच्या तरुणाची आठवण होतेच.

शेवटी आले तुकडीचे मानचिन्ह. आम्ही ते विमानाच्या शेजारी पुठ्ठ्यावर काढले. १५२ तुकडीच्या मानचिन्हावर हैदराबादच्या राज्यकर्त्याचे शिरोभूषण आहे, आणि ब्रीद आहे 'विश्वासू मित्र'. हे शब्द उगाच आलेले नाहीत. पहिल्या महायुद्धातील मदतीबद्दल १९१८ साली इंग्रज सरकारने निजाम मीर उस्मान अली खान यांना दिलेला किताबच तो होता: ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र.

त्या मदतीतही विमाने होतीच. ११० क्रमांकाच्या तुकडीला मिळालेली डी. एच. ९ए जातीची पहिली विमाने निजामाने भेट दिली होती, आणि प्रत्येकावर तसा मजकूर लिहिलेला होता. १९१८ च्या सप्टेंबरात ही तुकडी फ्रान्समधून जर्मनीवर बाँबफेक करू लागली. तिचे एक विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनीत उतरले आणि शत्रूच्या हाती लागले. जर्मनांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडकडे हलवले गेले आणि पुढे क्राको येथे राहिले. १९७७ साली इंग्रजांनी ते परत मिळवले, तेही एक स्पिटफायर बदल्यात देऊन! आज ते लंडनमध्ये हेंडन येथील विमानदलाच्या संग्रहालयात आहे.

आता त्या ऑक्टोबर महिन्यात आपल्याकडे काय चालले होते ते पाहू. १९१८ चा पाऊस दख्खनमध्ये दगा देऊन गेला होता. त्यावर इन्फ्लुएन्झाची साथ आली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत मृत्यूंनी कळस गाठला, आणि तिथून साथ रेल्वेच्या मार्गाने आणि परतणाऱ्या माणसांबरोबर खेड्यांत पसरली. सबंध देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. म्हणजे हैदराबादचे नाव मिरवणारे विमान जर्मनीत पडले, त्याच दिवसांत दख्खनच्या गावांत माणसे धडाधड मरत होती आणि शेते सुकलेली होती. या दोन गोष्टी इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाने त्या एकाच पानावर आणल्या.

पैसे कुणाचे होते? संस्थानाची तिजोरी मुख्यतः शेतसारा, अबकारी आणि जकात यांवर चाले. निजामाची स्वतःची 'सर्फ-ए-खास' नावाची खाजगी जमीनजुमल्याची मिळकत वेगळी होती. पण त्या जमिनीही कसणाराच कसत होता. देणगी कोणत्याही खात्यातून निघालेली असो, तिचे मूळ नांगराच्या फाळापाशीच पोहोचते. देणाऱ्याचे नाव विमानावर लिहिले गेले. ज्वारी-कापूस पिकवणाऱ्याचे नाव कुठे लिहायला जागा नव्हती, आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते.

एक हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. १९४० साली इंग्लंडमध्ये विमानांसाठी वर्गणी गोळा करताना एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड धरीत. खरा खर्च याहून बराच जास्त येई. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया १ शिलिंग ६ पेन्सचा होता, म्हणजे ५,००० पौंडांचे सुमारे ६६,६६७ रुपये झाले. पण हैदराबाद संस्थानात हाली सिक्का चाले. सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये, हा त्याचा भाव. म्हणजे एका विमानाला सुमारे ७७,७७८ हाली रुपये. आपल्या घरी जुन्या साऱ्याची पावती पेटीत असेल, किंवा निजामकालीन दप्तरात गावचा आकार मिळाला, तर त्या आकड्याने या रकमेला भागून पाहा. एका विमानाला किती गावांचा वर्षाचा सारा लागला असता, ते उत्तर आपल्याच गावच्या नावाने निघेल.

मी केवळ निजामाला बोल लावण्यासाठी हे सांगत नाही. हिटलरविरुद्धची लढाई लढायलाच हवी होती, आणि १५२ तुकडीचे तरुण प्राणपणाने लढले. हीच तुकडी पुढे हिंदुस्थानात आली आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी झुंजली. तेव्हा आपल्या पैशाचा काही भाग चांगल्या कामी लागला, असेही कोणी म्हणेल. म्हणो. पण काम चांगले असले तरी पैसे देणाऱ्याला विचारले होते का, हा प्रश्न उरतोच. ज्या राज्यात रयतेला विचारायची रीत नसते, तिथे तिजोरी आज एका कामाला उघडते, उद्या दुसऱ्याच कामाला.

तो दुसरा दिवसही लवकरच आला. इंग्रज निघून गेले आणि 'विश्वासू मित्र' एकटा पडला. निजाम सरकारने भारतात सामील व्हायचे नाकारले. रझाकारांचा उपद्रव मराठवाड्यातल्या गावोगावच्या वडीलधाऱ्यांनी भोगला. ते मी नव्याने सांगायला नको. १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक पाकिस्तानातून रात्रीच्या वेळी बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवीत होता. योगायोग असा, की १९३९-४० मध्ये स्पिटफायरमधल्या बंदुका काढून तिथे कॅमेरे बसवण्याची युक्ती काढणारा हाच माणूस. शस्त्रे आणणारी त्याची लँकास्ट्रियन विमाने म्हणजे महायुद्धातल्या लँकास्टर बाँबफेकी विमानांचेच मालवाहू रूप. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत आले आणि भारतीय हवाईदलाच्या टेंपेस्ट विमानांनी संस्थानातल्या धावपट्ट्यांवर बाँब टाकले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. दर वर्षी झेंडावंदन होते, भाषणे होतात. त्या दिवशी आपल्या आजोबांना नेमके काय मिळाले? माझ्या मते मोठी मिळकत ही, की तिजोरीचा हिशेब मागण्याचा हक्क रयतेकडे आला.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत अशी पेटी विकत घ्यायला पैसे नसतील तर अडू नका. अमेरिकेतल्या मुलांनी लाकडातूनच प्रतिकृती घडवल्या होत्या. पांगाऱ्याचे हलके लाकूड, पुठ्ठा, कानस आणि थोडा रंग एवढे पुरे. माप मुलांनी काढावे, रंगाची तारीख मुलांनी शोधावी, आणि चूक झाली तर खरवडून पुन्हा करावे. विमान तयार झाले की खाली एक चिठ्ठी लावायला सांगा. तीवर तीन ओळी असाव्यात: हे विमान कोणते, ते कुठे लढले, आणि त्याचे पैसे कोणी भरले.

आमची प्रतिकृती आता महाविद्यालयातल्या कपाटात आहे. खालची चिठ्ठी पैठण तालुक्यातल्या त्या मुलाने लिहिली. तिसऱ्या ओळीत निजामाच्या नावाशेजारी त्याने आपल्या गावाचे नाव घातले आहे. मी ते तपासले, आणि तसेच राहू दिले.