जुन्या मोटारसायकलची पुनर्बांधणी : पिंपरी-चिंचवड ते चाकण

जुन्या मोटारसायकलचा सांगाडा आणि रूप राखून तिचे इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन व वायरिंग आजच्या सुट्या भागांनी नव्याने उभे करण्याचे काम. रिस्टोरेशनपेक्षा हे वेगळे. रिस्टोरेशनमध्ये गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची असते. तिथे मडगार्डचा बोल्टसुद्धा त्याच काळातला शोधतात. पुनर्बांधणीचा हेतू साधा असतो : चाळीस वर्षांची येझदी पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रेलरांच्या गर्दीत वेळेवर थांबली पाहिजे आणि सकाळी दुसऱ्या किकला सुरू झाली पाहिजे. गॅरेजांत याला सरसकट ‘मॉडिफाय’ म्हणतात. सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडणेही त्याच शब्दात मोडते, पण त्याची दखल पोलीस घेतात. या नोंदीत ते घेतलेले नाही.

बुलेटचे चॉपर घडवणारे कारागीर मुंबईत आहेत, दिल्लीत आणि बंगळुरातही आहेत. पिंपरी-चिंचवडचे वेगळेपण कारागिरीपेक्षा शेजारात आहे. १९६० नंतर आकुर्डीत बजाज ऑटो उभी राहिली, चिंचवडमध्ये एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आला, पिंपरीत टेल्को आली आणि १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने भोसरी-चिंचवडचा माळ भूखंडांत वाटला. मोठ्या कारखान्यांना भाग पुरवणाऱ्या लहान शेड आल्या, आणि शेडबरोबर आयटीआयमधून निघालेले टर्नर-फिटर. चाकणला बजाजचा आणखी एक कारखाना आल्यावर हीच साखळी उत्तरेकडे सरकली. दिवसभर पल्सरचा भाग कातणाऱ्या लेथवर जावाचा बुश कातून घ्यायचा, तर लागतो एक ओळखीचा माणूस आणि जॉबवर्कचे पैसे.

पुनर्बांधणीला येणाऱ्या गाड्या ठरावीक आहेत. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून बनवलेल्या जावा आणि पुढे त्याच कारखान्यातून निघालेल्या येझदी (कारखाना १९९६ मध्ये बंद पडला). बिडाच्या इंजिनाची बुलेट. १९८५ ते १९९६ या काळातली यामाहा आरएक्स १००. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५०. आणि बजाजने कावासाकीच्या तंत्रावर काढलेली केबी १००. शेवटची गाडी खरे तर इथल्याच कंपनीची, पण तिला जावाएवढे प्रेम कधी मिळाले नाही.

काम इंजिनापासून सुरू होते. जावाचे इंजिन एका सिलिंडरचे, दोन-स्ट्रोक, २४८.५ सीसीचे; बोअर ६५ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. सिलिंडर घासला असेल तर तो मोठा करून पाव-अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालतात. तीही मर्यादा संपली की नवा स्लीव्ह ठोकतात. क्रँक दाबून जोडलेला असतो. तो हायड्रॉलिक प्रेसवर उघडायचा, कनेक्टिंग रॉडचा किट बदलायचा, पुन्हा दाबायचा आणि व्ही-ब्लॉकवर डायल गेज लावून सरळ करायचा. पूर्वी मिस्त्री हा सरळपणा तांब्याची हातोडी आणि नजर यांवर ठरवत. आता गेजचा काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या वर हलला, तर मालकच उठून हरकत घेतो. तो स्वतः बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या क्वालिटी विभागात असतो.

खरा कस लागतो तो पुढच्या चाकात. जावाचे ड्रम ब्रेक १६० मिमीचे आणि आरएक्स १०० चे १३० मिमीचे. त्या काळच्या रस्त्यांना ते पुरे होते. डिस्क बसवायची म्हणजे नुसती डिस्क आणून भागत नाही. कॅलिपर अडकवायला जुन्या फोर्कवर जागाच नसते, म्हणून फोर्क, वरचा-खालचा टी, चाक आणि हँडलवरचा मास्टर सिलिंडर असा सगळा पुढचा संच बदलावा लागतो. हा संच देणारी गाडी बहुतेक वेळा पल्सर. तिचा स्टेम जुन्या सांगाड्याच्या हेडमध्ये लांबीला जुळत नाही. तो प्रेसने काढून नवा कातावा लागतो, आणि सुट्या छऱ्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग बसवतात. हौस मोठी असेल तर ड्यूक २०० चा ३०० मिमीचा डिस्क आणि बायब्रेचा कॅलिपर येतो. बायब्रे हा ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा लहान गाड्यांसाठीचा ब्रँड आणि त्याचा कारखाना चाकणलाच. मात्र एवढी पकड जुन्या सांगाड्याला झेपेल का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. ड्रमच्या काळातल्या नळ्या अशा ताणासाठी जोडलेल्या नव्हत्या. हेडजवळचे जोड तपासून गसेट (आधाराची पट्टी) न मारता मोठा डिस्क लावणे हे शोभेचे काम आहे, सुरक्षेचे नव्हे.

वायरिंग त्यामानाने सोपे. जुन्या जावाची यंत्रणा ६ व्होल्टची, त्यामुळे हेडलाइट इंजिन मंदावले की पेंगतो. १२ व्होल्टचा अल्टरनेटर आणि सीडीआय किट लावला की पॉइंटची घासाघीस संपते.

अलीकडे एक नवे दुखणे आले आहे ते पंपावरून. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये जुने रबर फुगते किंवा चिरते, आणि इथेनॉल पाणी शोषत असल्याने टाकी आतून गंजते. कार्बोरेटरचे सील, पेट्रोलची नळी, क्रँकचे ऑइल सील नव्या प्रतीच्या रबराचे घालणे आता चैन राहिलेली नाही. दोन-स्ट्रोकमध्ये ऑइल सील गळाला तर इंजिन हवा ओढते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होतो.

भाग मिळवण्याच्या वाटा तीन : पुण्यातील नाना पेठेची स्पेअरची दुकाने, मंगळवार पेठेतला जुना बाजार, आणि भंगार. भंगाराचे मोठे केंद्र होते चिखलीजवळची कुदळवाडी. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. त्यात भंगाराची गोदामे मोठ्या संख्येने होती.

कायद्याच्या बाजूने ही पुनर्बांधणी अडचणीची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि चेसिस नंबरला हात लावणे म्हणजे गाडीची ओळखच घालवणे. पिंपरी-चिंचवडच्या (एमएच १४) परिवहन कार्यालयात पुनर्नोंदणीला उभी राहिलेली गाडी रंगाने, आसनाने, आरशाने कागदाशी जुळते का, यावर बरेच अवलंबून असते.

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली : ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. पण गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, आणि ती रोज चालवायची नाही. रोज चालवण्यासाठीच डिस्क लावलेली जावा या चौकटीत बसत नाही. १९८५ ची आरएक्स तर वयातच बसत नाही. अपघात कमी करणारा ब्रेक आणि कान फोडणारा सायलेन्सर कायद्याच्या एकाच कलमाखाली येतात, हे खटकणारे आहे. सुरक्षेच्या बदलांसाठी तपासणी करून मान्यता देण्याची सोपी वाट असायला हवी. तशी चाचणी करू शकणारी एआरएआय पुण्यातच आहे.

कंपन्यांनी ही हौस ओळखली आहे. २०१८ मध्ये महिंद्राच्या पाठबळावर जावा हे नाव परतले, २९३ सीसीचे द्रवशीतित इंजिन घेऊन. ती बनते पीथमपूरला. २०२३ पासून चाकणहून निघणारी ट्रायम्फ स्पीड ४०० गोल दिव्याची, जुन्या वळणाची, आत मात्र पूर्ण आजची. दुसरी वाट विजेची. ठाण्याच्या गोगोए१ कंपनीने स्प्लेंडरसाठी बदल-किट आणले. मान्यताप्राप्त किट बसवले तर नोंदणी पुस्तकात इंधनाची नोंद कायदेशीरपणे बदलून मिळते. जावा-येझदीवाल्यांना मात्र ही वाट पटणे कठीण, कारण तिच्यात पहिल्यांदा जाते ते इंजिनच.