विक्रमी विमान आणि जमिनीवरचे हात



माल वेळेवर पोचण्याची किंमत काय, हे खानदेशातील मंडळींस वेगळे सांगावयास नको. केळीचा घड एकदा झाडावरून उतरला की तो कोणासाठी थांबत नाही. म्हणूनच टपाल व माल नेणाऱ्या विमानांच्या वेगाचा थोडा इतिहास आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहोत. तो वेग कोणाच्या हातांनी घडला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपल्या देशात टाटांची टपालसेवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाली. जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या लहानशा पसमॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहूच्या मैदानावर टपाल घेऊन उतरले. अहमदाबादेस त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे आले होते ते बैलगाडीतून! बैलगाडी वेळेवर आली, म्हणून विमान वेळेवर निघाले.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. २० ऑक्टोबर १९३४ रोजी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातील मेलबर्नपर्यंत विमानांची मोठी शर्यत लागली. तिच्यासाठी डी हॅविलंड कंपनीने ‘कॉमेट’ जातीची तीन विमाने मुद्दाम बांधली. एकात मॉलिसन पतिपत्नी होते. त्यांनी कराचीपर्यंत विक्रमी वेगाने मजल मारली. परंतु पुढे वाट चुकून ते जबलपुरास उतरले. आपल्या भुसावळहून इटारसीमार्गे गाडी जाते तेच जबलपूर. तेथे विमानाच्या जातीचे पेट्रोल मिळेना. मोटारीचे पेट्रोल भरले, इंजिने बिघडली आणि अलाहाबादेस शर्यत सोडावी लागली. यंत्र जगात अव्वल. पण जमिनीवर योग्य डबा घेऊन उभा असलेला माणूस नव्हता.

दुसऱ्या कॉमेटने सुमारे ७१ तासांत शर्यत जिंकली. तिसरे चौथ्या क्रमांकाने पोचले, टपाल घेऊन लागलीच परत फिरले आणि पुढे फ्रेंच सरकारने जलद टपालाच्या प्रयोगांसाठी ते विकत घेतले.

दुसरा क्रमांक मात्र डच कंपनी केएलएमच्या डीसी-२ या नेहमीच्या वाहतुकीच्या विमानाचा आला. त्यात तीन उतारू व टपाल होते. ऑस्ट्रेलियात वादळी रात्री ते भरकटले. तेव्हा ऑल्बरी गावच्या लोकांनी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मोटारी उभ्या करून त्यांच्या दिव्यांचा उजेड पाडला व विमान उतरविले. सकाळी चिखलात रुतलेली चाके त्याच लोकांनी दोर लावून ओढून काढली. त्या दोरावरच्या हातांवाचून दुसरा क्रमांक कुठला?

नागपुरासही हेच दिसले. १९४९ साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास जमत, पिशव्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत जात. गाव निजलेले असताना त्या पिशव्या उतरविणारे व चढविणारे जागे असत.

आम्ही कामगार चळवळीतील माणसे. आम्हांस वेगाचे वावडे नाही. परंतु आज ‘उद्याच माल घरपोच’ असे वचन गिऱ्हाइकास दिले जाते आणि त्याचा सारा भार गोदामातील हमालावर व दुचाकीवरील पोऱ्यावर टाकला जातो. वचन देणाऱ्याने त्यांच्या कामाचे तास, विश्रांती आणि मजुरी आधी ठरवावी. वेग वाढवावयाचा असेल, तर हात वाढवावेत. आहेत तेच हात पिळू नयेत, एवढेच आमचे मागणे आहे.